कामिनोसावातली एकतीस माणसं

नारिता फुमिएकडे हे काम आलं तेव्हा तिनं दोनदा नको म्हणून सांगितलं होतं. तिसऱ्या वेळी वाडीचे प्रमुख कुमागाई स्वतः घरी आले, दोन कप चहा प्याले आणि म्हणाले, "शाळेचं स्वयंपाकघर तर बंद झालं. आता दिवसभर घरात बसून तुम्ही करणार काय?" ते सहज बोलले, पण तिच्या जिव्हारी लागलं. त्या तिरमिरीतच तिनं हो म्हटलं.

काम बिनपगारी होतं. अकिताच्या डोंगरातल्या कामिनोसावा वाडीत शहाण्णव घरं, आणि त्या घरांवर नजर ठेवायची. एकट्या म्हाताऱ्यांकडे डोकवायचं, कुणाला सरकारी कागद कळला नाही तर समजावून सांगायचा, काही वावगं दिसलं तर नगरपालिकेच्या आरोग्य नर्सला फोन करायचा. वाडीतली तरणी पोरं केव्हाच सेंदाईला नाहीतर तोक्योला गेली होती. शाळेत शेवटी अकरा मुलं उरली, तेव्हा ती खालच्या मोठ्या गावातल्या शाळेत मिळवून टाकली. त्या शाळेत फुमिएनं एकवीस वर्षं मुलांसाठी भात आणि मिसोचं सूप केलं होतं. आता तिला बासष्टावं वर्ष चालू होतं.

त्या ऑक्टोबरात नगरपालिकेनं पाहणी काढली. वीस वर्षांवरच्या प्रत्येकाला एक कागद. गेल्या महिन्याभरात कितीदा जीव घाबरा झाला, कितीदा सगळं व्यर्थ वाटलं, कितीदा आपण कुणाच्याच कामाचे नाही असं वाटलं, अशा प्रश्नांपुढे खुणा करायच्या. नाव लिहायचं नाही. कागद पाकिटात घालून चिकटवायचा आणि फुमिए आली की तिच्या पिशवीत टाकायचा. वाडीच्या बैठकीत कुमागाईंनी त्याची टर उडवली. म्हणाले, मी सगळीकडे 'कधीच नाही' वर खूण करून दोन मिनिटांत मोकळा झालो. 'बायकोमुळे' असा रकाना असता तर जरा वेळ लागला असता. सगळे हसले, फुमिएही हसली.

नोव्हेंबरात, छपरीत धुरावर मुळे टांगायचं काम चालू असताना, ओगासावारा माहो निकाल घेऊन आली. ही नगरपालिकेची नर्स, एकोणतीस वर्षांची, बर्फातही गाडी पिटाळणारी.

"काकू, तुमच्या वाडीची एकशे अठ्ठ्याण्णव पाकिटं आली," ती म्हणाली. "त्यांतल्या एकतीस जणांचे गुण रेषेच्या वर आहेत."

रेषेच्या वर म्हणजे काय, ते फुमिएनं विचारलं. माहो म्हणाली, म्हणजे मन इतकं खचलंय की कुणीतरी जाऊन बोलायला हवं. एकतीसच्या एकतीस जणांना नैराश्याचा आजार आहे असं नाही, पण काहींना असणारच. आणि ही वाडी काही जगावेगळी नाही. कुठल्याही देशात जा, शंभर मोठ्या माणसांत पाच-सहा जण या आजारात सापडलेले असतात, बायका जरा जास्तच. ज्याचं काम सुटलं, जोडीदार गेला किंवा सोडून गेला, घरात वर्षानुवर्षं दुखणाईत माणूस आहे, हातातोंडाची गाठ पडत नाही, अशांना तो जास्त गाठतो. आणि इथल्या कागदांवर एक गोष्ट ठळक दिसली होती. रेषेच्या वरच्या बहुतेकांनी 'मनातलं बोलायला कुणी आहे का' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं होतं.

"कोण आहेत ते एकतीस?" फुमिएनं विचारलं.

"मलाही माहीत नाही. नावंच नाहीत ना."

जाता जाता माहोनं एवढंच बजावलं, की कुणाबद्दल शंका आली तर आडून आडून चौकशी करू नका. मरावंसं वाटतं का, असं सरळ विचारा. विचारल्यानं ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही. ज्याच्या डोक्यात असतं त्याला उलट बोलायला वाट मिळते.

गाडी वळणाआड गेली आणि फुमिए मुळ्यांच्या ढिगाजवळ तशीच उभी राहिली. एकटी माणसं, काम सुटलेली माणसं, दुखणाइतांची घरं. ती बोटांवर मोजायला लागली आणि अर्धी वाडी झाली तरी मोजणं संपेना.

भीतीचं आणखी एक कारण होतं आणि ते तिनं नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं. स्वतःच्या कागदावर ती खोटं बोलली होती. शाळा बंद झाल्यापासून तिला पहाटे चारला जाग यायची आणि छातीवर कुणीतरी पाटा ठेवलाय असं वाटायचं. अकरा मुलांचा तरी भात शिजवायला कुठे जायचं होतं का आता? उठावंसं वाटायचं नाही. तिचा नवरा शोझो भला माणूस, पण दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर खूप. पाकिटं आपणच गोळा करणार, आपला कागद माहोनं ओळखला तर, या विचारानं तिनं सगळीकडे 'कधीच नाही' केलं होतं. म्हणजे मुळात आकडा एकतीस नाही, बत्तीस. आणि आपण खोटं लिहिलं तर आणखी कितींनी लिहिलं असेल, हा विचार तिची पाठ सोडेना.

मग ती माणसं न्याहाळायला लागली. दुकानात कोण दाढी न करता आलं, कोणाच्या घरी दुपारीही पडदे ओढलेले, कोणाच्या घरी नोटिशींची फाइल अडकून बसली. ही फाइल घरोघर फिरायची. वाचायची, आपल्या नावाचा शिक्का मारायचा, शेजारी द्यायची. डिसेंबरात बर्फ सुरू झालं तशी तिला आणखी एक खूण सापडली. कोणाच्या दारापुढची वाट साफ आहे आणि कोणाची नाही. ज्याच्या दारापुढे दोन दिवसांचं बर्फ तसंच, त्याचं नाव तिच्या मनात पक्कं व्हायचं.

सगळ्यांत पक्कं नाव कामादा तोकुजीचं होतं. बावन्न वर्षांचा, खालच्या गावातला यंत्रांच्या सुट्या भागांचा कारखाना बंद पडल्यापासून घरी. बायको पूर्वीच सोडून गेलेली. आईला चार वर्षं अंथरुणात सांभाळलं, ती वसंतात गेली. माहोनं सांगितलेलं सगळं या एका माणसात गोळा झालं होतं. दारापुढे गुडघाभर बर्फ. फुमिए आठवड्यातून तीनदा त्याच्याकडे जायला लागली. कधी उकडलेली रताळी, कधी सूप. तो दार अर्धं उघडायचा, डबा घ्यायचा, आभार मानायचा. चौथ्या आठवड्यात त्यानं दार पुरतं उघडलं.

"काकू, एक विचारू? तुम्ही आलात की समोरच्या तीन घरांचे पडदे हलतात, ठाऊक आहे का? परवा दुकानात कुमागाईंनी मला विचारलं, तब्येत कशीय रे. आवाज इतका बारीक, की जणू मी मेलोच आहे."

ती म्हणाली, काळजी वाटते म्हणून येते.

"माझं मन नाही बिघडलेलं. माझा कारखाना बंद पडलाय. रताळ्यांनी तो उघडणार आहे का?"

दार लागलं. फुमिए घरी येऊन स्वयंपाकघरात बसून राहिली. माहोला फोन केला तेव्हा ती म्हणाली, दोन्ही खरं असू शकतं काकू. पण तो चिडला हे बरं, गप्प बसला असता तर जास्त भीती होती. फुमिएला त्यानं काही धीर आला नाही.

वर्षाअखेरच्या बैठकीत बर्फाचा विषय निघाला. म्हाताऱ्यांच्या वाटा कोण साफ करणार यावरून कुरबुर चालू होती. तेव्हा फुमिए उठून म्हणाली, की जरा मोगामींच्या ताएकोकडे बघा. घरात सगळं विसरून गेलेली सासू, त्यात सुपरबाजारात अर्ध्या दिवसाची नोकरी, तरी दिवसातून चारदा फावडं घेऊन बाहेर. वाडीत तिच्या दारासारखी स्वच्छ वाट नाही. लोकांनी माना डोलावल्या. ताएको सत्तेचाळीस वर्षांची, गोल चेहऱ्याची, कायम हसतमुख. ती कोपऱ्यात चहा ओतत होती. ती वाकली आणि म्हणाली, छे हो, मला सवयच आहे.

जानेवारीच्या मध्याची गोष्ट. दुपारचे दोन वाजले होते. नोटिशींची फाइल आठवडाभर कुठेच दिसली नव्हती, म्हणून फुमिए शोधायला निघाली. दोन घरं मागे विचारलं तर कळलं की ती मोगामींकडे जाऊन सहा दिवस झाले. ताएकोकडे फाइल कधी दुपारपासून संध्याकाळपर्यंतही थांबत नसे. फुमिएची पावलं भरभर पडायला लागली.

वाट निम्मीच साफ होती. मध्येच फावडं बर्फात उभं रोवलेलं. पुढचं दार सताड उघडं, आत रॉकेलचा स्टोव्ह पेटलेला, आणि खाली शेगडी असलेल्या रजईच्या टेबलाशी ताएकोची सासू हात्सुआजी एकटी बसलेली. सून कुठाय म्हणून विचारलं तर म्हणाली, बर्फ काढतेय. पुन्हा विचारलं तर तेच. ताएकोचा जाड कोट खुंटीला होता. फुमिएनं तिचा नंबर लावला, फोन स्वयंपाकघरात वाजायला लागला. फोनशेजारीच नोटिशींची फाइल होती, न उघडलेली.

बाहेर बारीक बर्फ पडत होतं. अंगणातून पावलांचे ठसे वरच्या रस्त्याकडे गेले होते आणि ते बुजायला लागले होते. वर गेलं की रस्ता फुटतो. डावीकडे शेतीच्या पाण्याचं तळं.

तिनं माहोला फोन केला. माहो खाली गावात होती, चाळीस मिनिटं लागतील म्हणाली. ताएकोचा नवरा योशिआकी सरकारी रस्त्यावर बर्फ सारायच्या गाडीवर होता, त्याचा फोन लागेना. शोझो जंगलखात्याच्या सभेला गेलेला. आणि पेटता स्टोव्ह नि ही म्हातारी एकत्र सोडून जायची सोय नव्हती. सगळ्यांत जवळचं घर तोकुजीचं होतं. तिनं त्याला फोन लावला. म्हणाली, "मी फुमिए. मोगामींकडे ये. ताएको दिसत नाही."

तो घरातल्या चपलांवरच बर्फातून आला. तिनं ठसे दाखवले. त्यानं एकदा रस्त्याकडे, एकदा म्हातारीकडे पाहिलं.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "बाईमाणसाशी तुम्हीच बोला. आजींजवळ मी बसतो. आईचं सगळं मीच केलंय, मला जमतं."

फुमिएनं खुंटीवरचा कोट घेतला आणि चढण चढायला लागली. बासष्ट वर्षांचे गुडघे, वर भुसभुशीत बर्फ. फाट्याशी ठसे दिसेनासे झाले. ती आधी तळ्याच्या वाटेला लागली. पन्नास-साठ पावलांवर बर्फ सपाट दिसलं, एकाही पायाची खूण नसलेलं. तिथं ती गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली, श्वास येईपर्यंत. मग उलटी फिरून उजवीकडे गेली.

उजवीकडे बसथांब्याची लाकडी खोली होती. बस बंद होऊन दोन वर्षं झाली होती, खोली कुणी पाडली नव्हती. आत बाकावर ताएको बसली होती, नुसत्या स्वेटरमध्ये. हात मांडीवर, बोटं लाल झालेली.

फुमिएनं कोट तिच्या खांद्यांवर टाकला आणि शेजारी बसली.

"बस येत नाही हे माहितीय मला," ताएको म्हणाली. "म्हणूनच इथं आले. इथं कुणी हाक मारत नाही."

फुमिएला माहोचं बोलणं आठवलं. तिनं विचारलं. "ताएको, तुला मरावंसं वाटतं का?"

ताएकोनं तिच्याकडे पाहिलं. हसली नाही. फुमिएनं तिला न हसता कधी पाहिलंच नव्हतं, तो चेहरा तिला अनोळखी वाटला.

"मरावंसं म्हणजे... उद्या सकाळ होऊ नये असं वाटतं. रोज. सकाळ झाली की आई त्यांच्या गेलेल्या नवऱ्याच्या नावानं हाका मारतात, मग मला चोर म्हणतात. हे आठवडाभर घरी नसतात. आले की विचारतात, जेवायला काय आहे. मी बर्फ काढायला बाहेर पडते. बर्फ काढणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही. बर्फ नसलं तरी मी काढते, काकू. तुम्ही बैठकीत कौतुक केलंत, त्या दिवशी मला वाटलं की आता हेही बंद करता येणार नाही."

फुमिएच्या डोळ्यांपुढे ती बैठक आली, डोलणाऱ्या माना आल्या. ती माफ कर म्हणाली. मग, का कोण जाणे, तिनं आपलंच सांगायला सुरुवात केली. पहाटे चारचं, छातीवरच्या पाट्याचं, कागदावर केलेल्या खोट्या खुणांचं. ताएको ऐकत होती.

"मी खरं लिहिलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं कुणीतरी येईल. मग लक्षात आलं, कागदावर नावच नाही, तर येणार कोण."

माहोची गाडी वर आली तेव्हा दोघी एकमेकींचे हात चोळत होत्या. घरी तोकुजीनं म्हातारीला कोमट भात भरवला होता आणि ती त्याला मुलगा समजून रागावत होती.

पुढचं काही झटपट झालं नाही. योशिआकी संध्याकाळी आला, माहोनं डॉक्टरचं नाव काढल्यावर मान खाली घालून बसला. मग म्हणाला, वेड्यांच्या डॉक्टरकडे गेली हे वाडीत कळलं तर आम्ही तोंड कसं दाखवायचं. माहो उत्तर द्यायला लागली, तेवढ्यात फुमिएच्या तोंडून निघून गेलं, "कळलं तर कळलं. मी पण जातेय त्याच्याकडे. दोघी एकाच गाडीत जाऊ." खरं तर ती कुठेच जात नव्हती. पण एकदा बोलल्यावर मागे फिरता येईना. शोझोला सांगितलं तेव्हा तो खूप वेळ चहाचा कप फिरवत राहिला आणि म्हणाला, बर्फात गाडी घसरू नये म्हणून टायरला साखळ्या मी उद्याच बसवून देतो.

दर दुसऱ्या मंगळवारी दोघी खाली जायला लागल्या. हात्सुआजींना माहोनं आठवड्यातून तीन दिवस वृद्धांच्या दिवसकेंद्रात जागा मिळवून दिली. पहिले दोन आठवडे आजी ओरडायच्या, मग तिथल्या पेटीवर गाणी म्हणायला लागल्या. फेब्रुवारीत ताएकोची तब्येत उलट बिघडली. ती अंथरुणातून उठेना. योशिआकीनं रजा घेतली, भात करपवला, आणि एक दिवस फुमिएला फाटकाशी गाठून विचारलं, "आता मी करायचं तरी काय?" तिनं सांगितलं, जेवायला काय आहे हे विचारू नकोस. त्यानं ते लिहून घेतल्यासारखं ऐकलं. मार्चअखेर ताएको उठली. एप्रिलमध्ये तिनं सुपरबाजारात दोन दिवस जायला सुरुवात केली. फुमिएचं पहाटेचं जागणं पुरतं गेलं नाही, पण साडेपाचपर्यंत झोप लागायला लागली.

तोकुजीला सेंदाईजवळच्या एका गोदामात काम मिळालं. जायच्या आदल्या दिवशी तो डबे परत द्यायला आला, सगळे घासूनपुसून. त्या एकतिसांत तो होता की नव्हता हे फुमिएनं विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. त्याच्या पाठमोऱ्या गाडीकडे पाहताना तिला वाटलं, तिथं तर याला कुणीच ओळखत नाही. तिनं माहोला विचारून त्या शहरातल्या मदतीच्या फोनचा नंबर मिळवला आणि पत्रातून त्याला पाठवून दिला. उत्तर आलं नाही.

जुलैत हात्सुआजी गेल्या, झोपेतच. सगळे म्हणाले, ताएको सुटली. फुमिएला उलट धडकी भरली. माहोनं सांगितलं होतं की वर्षानुवर्षं सेवा करणारं माणूस सेवा संपल्यावर कोसळू शकतं. तिनं ताएकोला सांगून ठेवलं, की रोज दुपारी तीनला फोन करायचा, दोन वाक्यं बोललीस तरी चालेल. ताएको करायची. आज गरम होतंय, काकड्या खूप आल्यात, योशिआकी गवत कापतोय, असलं काहीतरी.

ऑगस्टातल्या पितरांच्या सणानंतरच्या आठवड्यात एका दुपारी फोन आला नाही. सव्वातीन झाले. फुमिएनं दोनदा लावला, कुणी उचलला नाही. साडेतीनला ती उन्हातून निघाली. चालता चालता धावायला लागली. मोगामींच्या घराचं दार उघडं होतं. तिनं हाक मारली नाही, चपला काढून थेट आत गेली.

मागच्या खोलीत पंखा चालू होता. ताएको चटईवर उताणी झोपली होती, तोंड अर्धं उघडं, एक हात डोक्यावर टाकलेला. बारीक घोरत होती. फुमिए दारातच बसली. छाती वरखाली होताना तिनं कितीतरी वेळ पाहिली, मोजली, पुन्हा पाहिली. मग स्वयंपाकघरात जाऊन गार पाणी प्यायली आणि नूडल्ससाठी भांडं चुलीवर चढवलं.

चार वाजता ताएको डोळे चोळत आली. "अगंबाई, झोपच लागली मला. काकू, तुम्ही कधी आलात?"

"आत्ताच," फुमिए म्हणाली. "नूडल्स गार करायच्यात, फ्रीजमधलं बर्फ काढ."

दोघी खायला बसल्या. फुमिएनं आपल्या खायच्या काड्या वाटीवर टेकवून ठेवल्या आणि ताएकोचं खाऊन होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.